झाकण उघडून पाहा

आधीच सांगून ठेवते. छत्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोराईले पुस्तकातली मराठी शिकवली. शेवटची अकरा वर्षं धामणगाव रेल्वेजवळच्या एका गावात मुख्याध्यापिका होती. आता रिटायर झाली. आता मी माझ्या घरच्या भाषेत बोलणार, अन् ज्याले चालत नसंन त्यानं आतापासूनच उठून जावं. ज्याची गोष्ट सांगून राहिली तो माझा लहान भाऊ आहे, कुंदन. त्याच्याबद्दल बोलताना माझा आवाज चढते, हेही आताच सांगते.

कुंदनचं अकोल्यात जठारपेठेत कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एका बाजूले झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूले चष्मेवाला, अन् मधात याची खोली. वय छप्पन. अंगानं काडी. बोलणं इतकं कमी, की गिऱ्हाईकच प्रश्न विचारते अन् गिऱ्हाईकच उत्तर देते. पण त्याची एक खोड साऱ्या जठारपेठेले माहीत आहे. मशीन दुरुस्त झाली तरी तो लगेच देत नाही. आतल्या वायरी बांधत बसते.

"कुंदनभाऊ, चालून राहिली ना? मंग द्या ना जी!" गिऱ्हाईक दारात उभं राहून वैतागते.

"अर्धा तास," कुंदन म्हणते.

"अहो, आतलं कोण पाहते?"

तो परत मशीनीत वाकते. मेण लावलेला दोरा काढते, वायरींची जुडी करते, बरोबर काटकोनात वळवते, अन् अंगठ्याएवढ्या अंतरावर एकेक गाठ मारत जाते. मंग झाकण लावून देते. ते झाकण पुढं दोन-चार वर्षं कोणी उघडत नाही. अर्धा तास कोणासाठी गेला, हे मलेही कित्येक वर्षं समजलं नाही. मी तर त्याले तोंडावर म्हटलं होतं, "काहून जीव आटवून राहिला? कंप्युटर म्हणजे काय, मिक्सर! चाललं म्हणजे झालं."

तो म्हणाला, "ताई, तू मिक्सरपण कधी उघडून नाही पाहिलं."

ही विद्या त्याले आमच्या बाबांनी दिली. आमचे बाबा सहदेव, टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते. आमच्या आजोबांचं आयुष्य दुसऱ्याच्या वावरात गेलं. छप्पन साली ते नागपूरले जाऊन बौद्ध झाले, अन् आल्यावर पहिलं काम काय केलं, तर पोराले शाळेत टाकलं. ज्याच्या बापाले लोक ओसरीवर चढू देत नव्हते, त्याच्या हातून पुढं अख्ख्या शहराचं बोलणं जात होतं. बोर्डाच्या मागं हजारो वायरी, अन् बाबा त्या मेणाच्या दोऱ्यानं बांधत. रविवारी जुन्या वायरीचे तुकडे घरी आणून आमाले शिकवत. गाठ आवळताना दोरा सरकू नये म्हणून कोणीतरी त्यावर बोट ठेवावं लागते. ते काम माझं. "माया, बोट ठेव," बाबा म्हणत. मी ठेवी. गाठ बसताना बोटाले असा चिमटा बसे की मी बोट काढून घेई, अन् गाठ ढिली पडे. बाबा रागवत नसत. सारं सोडून पुन्हा बांधत. मी कंटाळून बाहेर खेळाले पळे, अन् कुंदन, सहा वर्षांचा पोट्टा, तिथंच टोंगळे पोटाशी घेऊन पाहत बसलेला राहे.

"बाबा, मागून कोण पाहते?" मी एकदा विचारलं होतं.

"साहेब नाई येत मागं कधी," बाबा म्हणाले. "पण आपण तर मागंच राहतो ना."

आता दसऱ्याचं ऐका. दसऱ्याले आमी सारे दीक्षाभूमीवर जातो, दुकान बंद राहते. पण आदल्या दिवशी खंडेनवमी. साऱ्या अकोल्यात अवजारांची पूजा. सुताराची करवत, शिंप्याची मशीन, अन् आता जिथंतिथं कंप्युटर. आमी नागपूरहून परत येतो तर दुकानासमोर ही रांग! कीबोर्डात कुंकू, पंख्यात अक्षता, कुठं अष्टगंध, कुठं पेढ्याचा चुरा. एका वकीलसाहेबानं तर नारळच मशीनवर फोडला होता. वर मलेच विचारते, "बाई, पाणी आत गेलं असंन का हो?" नाई, ते बाहेरच थांबलं असंन, तुमची परवानगी घेऊन!

कुंदन हसत नाही अन् चिडतही नाही. ब्रशनं एकेक दाणा काढत बसते. एकदाच म्हणाला होता, "नमस्कार करतात ताई, पण डोळे मिटून. डोळे उघडून पाहा म्हणा ना एकदा."

दोन वर्षांआधी त्याचा उजवा हात थरथराले लागला. त्यानं कोणाले सांगितलं नाही. चहा बशीत सांडला तेव्हा मले दिसलं. डॉक्टरनं सांगितलं, औषधानं थोडं थांबंन, पण वाढत जाईन. मी घरी येऊन रडली. तो रडला नाही. दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून दुकानात जाऊ लागला. पहाटे हात थोडा स्थिर राहते म्हणे. एक मशीन बांधाले घेतली, कोणाच्याच ऑर्डरची नाही. चार महिने, रोज एक तास.

झाली तेव्हा मले बोलावलं. बाहेरून साधी लोखंडी पेटी, काळी, एका जागी रंग उडालेला. आजकालच्या पोट्ट्याईच्या मशीनीत लाल-निळ्या लायटी चमकतात, तसलं काही नाही. त्यानं बाजूचं झाकण काढलं.

काय सांगू तुमाले! आत एकही वायर मोकळी नव्हती. पिवळ्या, काळ्या, लाल, साऱ्या जुड्या सपाट, एकीवर एक चढलेली नाही. जिथं वळण आहे तिथं साऱ्या एकदम वळलेल्या. गाठी एका ओळीत, सारख्या. मधात तो हिरवा बोर्ड, त्यावरच्या तांब्याच्या बारीक रेषा, अन् वायरी त्याच रेषांच्या चालीनं चाललेल्या. त्यानं बटन दाबलं. पंखा फिरला, इतका हलका की आवाज म्हणाल तर श्वासाएवढा. सुंदर होती ती मशीन. चालत होती म्हणून अजूनच सुंदर होती. अन् मी या माणसाले तीस वर्षं मिक्सर-मिक्सर म्हणत होती, याची मले लाज वाटली.

"आता दुसरी होणार नाई ताई," तो हात खिशात घालून म्हणाला.

पेपरात जाहिरात आली होती, अमरावतीले हस्तकलेचं प्रदर्शन. मीच फॉर्म आणला. तो म्हणाला, राहू दे. दुसऱ्या दिवशी मात्र हळूच विचारलं, "झाकण काढून ठेवू देतीन का?" त्याले बक्षीस नको होतं. एकदा, झाकण काढून, उजेडात, चार अनोळखी लोकांनी त्याचं काम पाहावं, एवढंच पाहिजे होतं. साऱ्या जिंदगीत मागितलेली ही एक गोष्ट. मी मनात म्हटलं, मी असताना ही कशी मिळत नाही, पाहतेच.

मशीन गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन आमी बसनं अमरावतीले गेलो. मूर्तिजापूर येईपर्यंत माझे दोन्ही टोंगळे सुन्न. हॉल राजकमल चौकापासून जवळच. प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाचे चिटणीस ओमप्रकाशजी दारातच भेटले. गोरेगोमटे, घाईत, कानाले फोन.

"हे काय आणलं मॅडम?"

"फॉर्मवर लिहिलं आहे. हातानं बांधलेला कंप्युटर."

त्यांनी परीक्षकांना बोलावलं. रामराव सर, रिटायर चित्रकला शिक्षक, सभ्य माणूस. चष्मा वर करून त्यांनी मशीनीकडं दुरूनच पाहिलं. "बाई, हे साधन आहे. इथं कलावस्तू ठेवतो आपण."

"अडकित्ता ठेवला आहे तिकडं," मी म्हटलं. "मोराचा. सुपारी फोडत नाही काय त्यानं?"

"तो जुना आहे. त्याची गोष्ट वेगळी."

"म्हणजे अजून शंभर वर्षांनी आणू?"

कुंदननं माझा पदर ओढला. पण मी थांबते होय! "सर, पोळ्याले बैल सजवता ना तुमी? शिंगं रंगवता, झूल घालता, गावभर मिरवता. तो बैल तर वर्षभर वखराले जुंपलेला. कामाचा आहे म्हणून तो सुंदर नाही, असं कोण्या शेतकऱ्याले सांगून पाहा बरं एकदा."

रामराव सर हसले. माणूस वाईट नव्हता, खरं सांगते. म्हणाले, "असं करा. याच्या आतलं यंत्र काढून टाका. नुसत्या वायरींची मांडणी राहू द्या, शोभेची म्हणून. चालू होत नसेल तर मी घेतो. फॉर्मवर 'उपयोग' या रकान्यात 'शोभेची वस्तू' लिहा."

मले वाटलं, चला, मार्ग निघाला! मी कुंदनकडं पाहिलं. माझ्या मनात आलं, काढ रे बाप्पा, दोन दिवसांचा प्रश्न आहे, नंतर परत बसव. त्यानं फॉर्म हाती घेतला. हात थरथरत होता, कागद वाजत होता. 'उपयोग' समोर त्यानं लिहिलं: काम.

"बंद नाही करणार सर," तो म्हणाला. "वायरीतून काही जातच नसंन, तर मी ती बांधली कायले?"

एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून वर्षभरात ऐकलं नव्हतं. ओमप्रकाशजींनी फॉर्मवर लाल रेघ मारली.

बाहेर अंधारून आलं होतं, मुक्काम बडनेऱ्याले आमच्या मावसबहिणीकडं. ओमप्रकाशजी म्हणाले, राहू द्या कोपऱ्यात, सकाळी घेऊन जा. मशीन झाकण लावून कोपऱ्यात ठेवली. त्या रात्री कुंदन जेवला नाही. मी जेवली, पण रागानं जेवली.

सकाळी अकराले पोचलो तर उद्घाटन होऊन गेलेलं. रांगोळी, तोरण, नारळाच्या करवंट्या. कोपरा रिकामा. साऱ्या हॉलमध्ये शोधलं अन् शेवटी दिसली. कुठं? नोंदणीच्या टेबलाखाली! मंडळाचा कंप्युटर सकाळीच बंद पडला होता, म्हणून यांनी आमची मशीन जोडून घेतली होती अन् सहभागाची प्रमाणपत्रं छापणं सुरू होतं. वर कुंकवाचा टिळा, अक्षता, जाळीवर झेंडूचा हार. अन् टाइप करणाऱ्या बाईनं पाय टेकवले होते तिच्यावर. चपलेसकट.

माझी खोपडी सटकली.

"ओमप्रकाशजी! काल कलावस्तू नव्हती म्हणून कोपऱ्यात टाकली, अन् आज तिच्यावर छापून राहिले? विचारलं कोणाले?"

"अहो मॅडम, पडलीच होती ना... अन् आम्ही पूजा केली तिची!"

"पूजा केली! वरून हार अन् वरूनच पाय!"

त्या बाईनं घाबरून पाय मागं घेतले. कुंदन खाली वाकला, टेबलाखाली पाहिलं, अन् मले म्हणाला, "राहू दे ताई. चालून तर राहिली." त्याचं ते तोंड मले अजून दिसते. तीस वर्षं झाकणाआड काम करून माणूस असं बोलाले शिकते. मी त्याले दंडाले धरून बाहेर आणलं. चहावाल्यापाशी उभे राहिलो. मी काही सुचत नाही म्हणून दोन चहा सांगितले अन् दोन्ही मीच प्यायली.

अर्ध्या तासात ओमप्रकाशजी धावत आले. फोन खिशात, घाम कपाळावर.

"कुंदनभाऊ, जरा चला ना जी. मशीन बंद पडली. पन्नास-साठ कारागीर रांगेत उभे आहेत, अन् ज्यांच्या हातून प्रमाणपत्रं द्यायची त्या पाहुण्यांना दोनची गाडी आहे."

कुंदन लगेच निघाला. मी आडवी झाली. "थांब रे." मंग ओमप्रकाशजींकडं वळली. "दुरुस्त होईन. पण टेबलाखाली नाही होणार. ती मशीन उचला, हॉलच्या मधोमध त्या मोठ्या टेबलावर ठेवा, जिथं तुमचा अडकित्ता आहे. तिथं झाकण उघडंन, अन् उघडल्यावर पुन्हा लावणार नाही. प्रमाणपत्रं तिथूनच छापायची. पटते काय?"

"मॅडम, ते टेबल कलावस्तूंचं..."

"मंग प्रमाणपत्रं न वाटताच पाहुण्यांना दोनच्या गाडीत बसवा."

तो माणूस आत गेला अन् स्वतःच्या हातानं अडकित्ता बाजूले सरकवला.

मधोमध, वरच्या ट्यूबलाइटच्या उजेडात, कुंदननं झाकण काढलं. रांगेतले कारागीर आपोआप जवळ सरकले. काय झालं होतं ते दिसलंच. हाराचा सुटलेला दोरा जाळीतून आत गेला होता अन् प्रोसेसरवरच्या पंख्यात गुंडाळला होता. पंखा अडकला, मशीन तापली, अन् आपोआप बंद झाली. दोऱ्यानं पंख्याची वायर ओढली होती, त्यात एक गाठ तुटली होती. एकच. पण त्या सरळ ओळीत ती तुटलेली जागा लगेच डोळ्यात भरत होती.

कुंदननं चिमट्यानं हाराचा दोरा काढला, अक्षतांचे दाणे काढले. लोक कुजबुजत होते. कोणी विचारलं, कितीची पडली? कोणी विचारलं, याच्यात गेम चालते का? अन् एक बाई, मेळघाटातल्या सेमाडोहची भागीरथा, बांबूच्या टोपल्या घेऊन आलेली, ती जवळ येऊन वाकून पाहत होती. बोटं कातरलेली, बांबूनं. तिनं गाठींच्या ओळीवरून, न शिवता, हवेतच बोट फिरवत नेलं, अन् तुटल्या जागेपाशी थांबली.

"किती दिवस लागले भाऊ?" तिनं विचारलं.

"चार महिने."

"वाटलंच," ती म्हणाली. "हात कोणं दिला?"

"बाबानं."

मंग रामराव सर आले. यावेळी जवळून पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला, अन् टेबलापाशी इतके वाकले की त्यांचा टाय बोर्डाले लागाले आला.

"पण हे... झाकण लावल्यावर कोणाला दिसणार होतं?" ते हळू म्हणाले.

"तुमाले दिसून राहिलं ना जी आता," मी म्हटलं. "मंग झालं तर."

भागीरथा सरांकडं वळली. "माह्या टोपलीत लोक ज्वारी भरतात गुरुजी. ते पण काढून टाकू का आता?" कोणीतरी हसलं. सर हसले नाहीत. त्यांनी मान हलवली, कुंदनसाठी स्वतः खुर्ची ओढून आणली अन् बाजूले उभे राहिले.

आता फक्त तुटलेली गाठ बांधायची होती. तसं पाहिलं तर गरज नव्हती, पंखा त्याच्याशिवायही फिरला असता. ओमप्रकाशजी म्हणालेही, "भाऊ, चालू करा ना, राहू द्या ती गाठ."

"अर्धा तास," कुंदन म्हणाला.

त्यानं खिशातून मेणाचा दोरा काढला. दुपारचे बारा वाजले होते, पहाट नव्हती. हात थरथरत होता. दोरा वायरीखालून घेतला, सुटला. परत घेतला, परत सुटला. साठ माणसं गोल उभी. तिसऱ्या वेळी दोरा आला, वळसा बसला, पण आवळाले गेला की सरकत होता. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब आले. मले वाटलं आता तो हात खिशात घालंन अन् म्हणंन, राहू दे ताई.

त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, "ताई, बोट ठेव."

मी चष्मा नीट केला, वाकली, अन् दोऱ्यावर बोट ठेवलं. त्यानं गाठ ओढली. तोच चिमटा, पन्नास वर्षांपूर्वीचा, अगदी तिथंच बसला. डोळ्यात पाणी आलं माझ्या, खोटं कायले बोलू.

मी बोट काढलं नाही.